सूचना : धोकादायक रसायनांच्या अपघातस्थळी घ्यावयाची प्राथमिक दक्षता

सर्व स्वयंसेवक सदस्यांस कळविण्यात येते की, मुंबई-आग्रा महामार्गावरून व मनमाडजवळील पानेवाडीच्या इंधन साठ्यांकडे होणारी टँकरची वर्दळ, तसेच नाशिकच्या सातपूर-अंबड येथील कारखाने लक्षात घेता, रसायनगळतीच्या ठिकाणी सर्वांत आधी पोहोचणारी व्यक्ती आपल्यापैकीच कोणी असू शकते.

अशा वेळी वाऱ्याच्या वरच्या बाजूने, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडून, व शक्यतो उंचावरून जावे आणि टँकरवरील फलकाचा चार अंकी यूएन क्रमांक (रसायनाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) दुरूनच, जमल्यास दुर्बिणीतून, वाचून ११२ किंवा १०१ वर कळवावा. १०७५ म्हणजे एलपीजी, १२०३ म्हणजे पेट्रोल, १००५ म्हणजे अमोनिया आणि १०१७ म्हणजे क्लोरीन, एवढे चार क्रमांक तरी पाठ असावेत. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने नाल्यात, गटारात, तळघरात साचतो. म्हणून त्याच्या गळतीत सर्व बाजूंनी किमान १०० मीटर परिसर तत्काळ मोकळा करावा, आणि टँकरच आगीत सापडला असल्यास १६०० मीटरपर्यंत माणसे हलवावीत. अमोनिया हवेपेक्षा हलका खरा, परंतु शीतगृहातून गळताना त्याचे थंड, पांढरे धुके जमिनीलगत पसरते, हे अनुभवी मंडळीही विसरतात.

ओला रुमाल किंवा कापडी मास्क म्हणजे संरक्षण नव्हे. श्वसनयंत्र व रसायनरोधक पोशाख नसलेल्या सदस्याने, आत कोणी बेशुद्ध पडलेले दिसत असले तरीही, वायूत शिरू नये. मोबाईलवर चित्रीकरणासाठी तर मुळीच नाही.