भैरवीनंतरचा तंबोरा

संपादक महोदय,
स. न.

बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राने केलेल्या, सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचच्या कृतींच्या ध्वनिमुद्रणांवरचा लेख कालच्या रविवार पुरवणीत वाचला. या विषयाला अर्धे पान दिलेत, आभारी आहे. लेखकमहाशयांनी त्याची चौथी सिम्फनी शेवटपर्यंत ऐकली असती तर दुप्पट आभार मानले असते. ‘दडपशाहीवर मात करणारा दणदणीत, विजयी शेवट’ हे वाक्य वाचून माझा चहा निवला.

दणदणाट आहे, नाही असे नाही. पण तो शेवट नव्हे. ती सगळी पितळी वाद्ये आणि टिंपनी, म्हणजे तिकडचे नगारे, गरजून थकली की खालच्या पट्टीतली तंतुवाद्ये एकच सूर धरून बसतात, ती हलतच नाहीत. टिंपनी हळू हळू ठोके देत राहते आणि वर सेलेस्टाचे, म्हणजे घंटांसारख्या किणकिणणाऱ्या छोट्या पियानोवजा वाद्याचे, चारदोन सुटे स्वर. हे बराच वेळ चालते आणि मग विरून जाते. यात विजय नेमका कोणाचा झाला, हे लेखकांनी सांगावे.

अर्थात ही खोड त्यांच्या एकट्याची नाही. मागे आमच्या डोंबिवलीत एका संस्थेने पाश्चात्त्य संगीताचे श्रवणसत्र ठेवले होते. तासभर सगळ्यांनी नेटाने हीच सिम्फनी ऐकली. तो मोठा गजर ओसरला मात्र, निवेदक ताडकन उठले, आवाज कमी केला आणि ‘वा, काय समारोप!’ म्हणत टाळ्या सुरू केल्या. मी म्हटले, अहो, अजून चालू आहे. तर म्हणाले, “काका, भैरवी झाली. आता नुसता तंबोरा काय ऐकायचा? वडे गार होतायत.” सेलेस्टा वाजला तेव्हा सभागृहात फक्त चटणीची चौकशी चालू होती. माझ्या शेजारचे गृहस्थ तेवढे बसून राहिले. पण त्यांना झोप लागली होती, असे नंतर कळले.

त्या ‘नुसत्या तंबोऱ्या’साठी शोस्ताकोविचला किती थांबावे लागले, याबद्दल लेखात अवाक्षर नाही. जानेवारी १९३६ मध्ये ‘प्रावदा’ने, म्हणजे सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राने, एका ऑपेरावरून त्याची सालटी काढली, तेव्हा ही सिम्फनी अर्धवट होती. तरी त्याने ती पुरी केली. डिसेंबरमध्ये लेनिनग्राडला तालमी चालू असताना ती मागे घेतली गेली, म्हणे ‘संगीतकाराच्या विनंतीवरून’. अशा विनंत्या कशा होतात, हे वर्तमानपत्रवाल्यांना मी काय सांगावे! वर खापर फुटले ते वाद्यवृंद-संचालक श्टीड्री यांच्यावर, म्हणजे हिटलरमुळे जर्मनी सोडून तिथे आलेल्या माणसावर.

पुढे २५ वर्षे गप्प. ३० डिसेंबर १९६१ रोजी मॉस्कोत किरील कोंद्राशिन यांनी ती पहिल्यांदा वाजवली आणि पुढच्याच वर्षी तिचे ध्वनिमुद्रणही केले. १९६३ मध्ये ऑर्मंडींच्या फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने केले. आणि आपला लेख म्हणतो, ‘बॉस्टनने ही कृती विस्मृतीतून बाहेर काढली’! बॉस्टनच्या या ध्वनिमुद्रणांचे वाद्यवृंद-संचालक नेल्सन्स यांचे काम देखणे आहे, ग्रॅमी मिळाले तेही योग्यच. पण बॉस्टनच्या सुरक्षित सभागृहात स्टालिनची सावली अंगावर घेणे वेगळे आणि त्याच देशात, तिथलेच वादक घेऊन उभे राहणे वेगळे. हेच कोंद्राशिन १९७८ मध्ये देश सोडून हॉलंडला राहिले. त्यांच्यासाठी एक ओळ मिळाली नाही. नेल्सन्स यांच्या दाढीवर मात्र दोन ओळी आहेत.

आता लिहितोच आहे तर आणखी एक. लेखासोबतचे छायाचित्र शोस्ताकोविचचे नाही, प्रोकोफिएव्ह या दुसऱ्याच सोव्हिएत संगीतकाराचे आहे. हे गृहस्थ ५ मार्च १९५३ रोजी, नेमके स्टालिन गेला त्याच दिवशी वारले, त्यामुळे त्यांच्या मृत्यूकडे वर्तमानपत्रांचे लक्ष गेले नव्हते. आपण निदान त्यांना चार कॉलम दिलेत, नाव दुसऱ्याचे का असेना.

शुद्धिपत्र छापणार असाल तर कृपया भिंग न लागेल अशा टायपात छापावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, डोंबिवली (पूर्व)