खुपऱ्या आटोक्यात आल्या, क्लॅमिडिया नव्हे

महोदय,

भारतात खुपऱ्यांचे, म्हणजेच ट्रॅकोमा या डोळ्यांच्या संसर्गाचे, सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. नेपाळ आणि म्यानमारनंतर संघटनेच्या आग्नेय आशिया विभागात हा मान आपल्याला मिळाला आणि १९६३ पासून चाललेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे ते फळ आहे, हे निर्विवाद. मात्र तेव्हापासून या विषयावर जे छापून येते, त्यातून खुपऱ्या घडवणारा क्लॅमिडिया हा जिवाणूच देशातून हद्दपार झाला असा वाचकांचा समज होतो. माझ्या काही व्यवसायबंधूंच्या बोलण्यातही तोच सूर ऐकू येतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

निर्मूलनाचा निकष मुळात आजाराच्या प्रमाणाचा आहे. एक ते नऊ वर्षे वयाच्या मुलांमध्ये पापणीच्या आत फोड दिसण्याचे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली यावे लागते आणि पापणी आत वळून केस बुबुळाला घासण्याचे प्रमाणही मोठ्यांमध्ये ठरावीक मर्यादेखाली असावे लागते. या दोन्ही गोष्टी घडवणारा जिवाणू म्हणजे क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस. त्याच्या बाह्य आवरणातील एका प्रमुख प्रथिनावरून त्याचे उपप्रकार पाडले आहेत आणि त्यांना रोमन अक्षरांची नावे आहेत. ए, बी, बीए आणि सी हे उपप्रकार खुपऱ्यांचे. डी पासून के पर्यंतचे प्रामुख्याने जननमार्गाचे. आणि एल १ ते एल ३ हे जांघेत गाठी आणणाऱ्या लैंगिक आजाराचे. राष्ट्रीय कार्यक्रमाचा रोख पहिल्या गटावर होता. प्रौढांच्या डोळ्यांत जो क्लॅमिडिया आजही आढळतो, तो बहुतांशी दुसऱ्या गटातला असतो. त्याचा लहान मुलांच्या अस्वच्छ चेहऱ्यांशी आणि माश्यांशी संबंध नाही. तो जननमार्गातून बहुधा हातावाटे स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या डोळ्यात पोहोचतो. क्लोरीन न टाकलेल्या तरणतलावातूनही तो पूर्वी पसरल्याच्या नोंदी आहेत, पण आज तो मार्ग क्वचितच असतो, आणि रुग्णाने आधी तलावाचेच नाव घेतले तरी डॉक्टरने तेवढ्यावर थांबू नये.

डोळा आणि जननमार्ग यांचे हे नाते नव्याने कळलेले नाही. १९०७ मध्ये हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक या संशोधकांना जावा बेटावर खुपऱ्यांच्या खरवडीत पेशींच्या आत या जिवाणूचे विशिष्ट पुंजके दिसले. पुढच्या काही वर्षांतच तसेच पुंजके नवजात बालकांच्या डोळ्यांत आणि त्यांच्या मातांच्या गर्भाशयमुखाच्या पेशींतही सापडले. तरीही हा विषाणू की जिवाणू, हा घोळ कित्येक दशके चालला, कारण तो जिवंत पेशीबाहेर वाढतच नाही. बीजिंगमध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ तांग फेइफान यांनी १९५७ मध्ये कोंबडीच्या अंड्याच्या बलकपिशवीत तो वाढवून दाखवला आणि पुढे स्वतःच्या डोळ्यात सोडून त्याची खातरजमा केली.

एकाच जिवाणूचे काही उपप्रकार डोळ्यात घर करतात आणि काही जननमार्गात, याच्या कारणांपैकी एक ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाशी निगडित आहे. शरीराची प्रतिकारशक्ती पेशीतला ट्रिप्टोफॅनचा साठा संपवून या जिवाणूची उपासमार करते. जननमार्गात राहणारे इतर जिवाणू इंडोल नावाचे द्रव्य तयार करतात आणि डी ते के उपप्रकार त्यापासून स्वतःपुरते ट्रिप्टोफॅन बनवू शकतात. खुपऱ्यांच्या उपप्रकारांनी ही क्षमता गमावलेली आहे. अर्थात अक्षरांची ही विभागणी अभेद्य नाही. बी उपप्रकार जननमार्गातही सापडतो. ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी समाजातून घेतलेल्या खुपऱ्यांच्या जिवाणूंची जनुकीय तपासणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा वरचे आवरण डोळ्याच्या उपप्रकाराचे, पण बाकीचा जनुकसंच जननमार्गाच्या कुळातला, असे चित्र पुढे आले. तेव्हा ‘खुपऱ्यांचा जिवाणू वेगळा आणि हा वेगळा’ असे म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

व्यवहारात घडते ते असे. पावसाळ्यात डोळ्यांची साथ येते. २०२३ मधली साथ वाचकांच्या स्मरणात असेलच. अशी साथ बहुधा ॲडिनोव्हायरससारख्या विषाणूंची असते आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरते. त्याच गर्दीत एखादा पंचविशी-तिशीतला रुग्ण येतो, ज्याचा एकच डोळा दीड-दोन महिने लाल आहे, सकाळी पापण्या चिकटतात आणि ज्याच्या पिशवीतून थेंबांच्या चार-पाच बाटल्या निघतात. त्यांतली निदान एक स्टिरॉइडची असते, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली. तिने लाली तात्पुरती कमी होते, जिवाणू तसाच राहतो आणि डोळ्यातला दाब मात्र वाढू शकतो. अशा रुग्णाची खालची पापणी ओढून पाहिली, तर आतल्या खोबणीत उकडलेल्या साबुदाण्यासारखे ठसठशीत, ओळीने बसलेले फोड दिसतात. खुपऱ्यांत असे फोड मुख्यतः वरच्या पापणीत असतात. कानासमोर बोट फिरवले की त्याच बाजूला छोटी गाठ लागते. ती ॲडिनोव्हायरसमध्येही लागते, म्हणून निदान निव्वळ गाठीवर ठरत नाही. आजार किती दिवस रेंगाळला, हे त्याहून महत्त्वाचे.

तपासणीतही एक खाच आहे. डोळ्यातली घाण पुसून नेहमीच्या कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीला, पाठवली, तर ‘वाढ नाही’ असाच अहवाल येणार, कारण हा जिवाणू त्या माध्यमावर वाढत नाही. पापणीच्या आतल्या अस्तरावर स्वॅब घासून पेशी घ्याव्या लागतात आणि पीसीआर करावी लागते. उपप्रकार कोणता, हे या नेहमीच्या चाचणीत कळत नाही आणि उपचारासाठी त्याची गरजही नसते. गरज असते ती पोटातून औषध देण्याची: ॲझिथ्रोमायसिनची एक ग्रॅमची एकच मात्रा किंवा डॉक्सिसायक्लीन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, गरोदर स्त्रियांसाठी यांपैकी फक्त ॲझिथ्रोमायसिन. नुसत्या थेंबांनी जननमार्गातला साठा जात नाही आणि जोडीदाराला औषध दिले नाही, तर तो परत येतो. गरोदर मातेकडे दुर्लक्ष झाले, तर जन्मानंतर पाच ते चौदा दिवसांत बाळाचे डोळे चिकटू लागतात आणि काहींना न्यूमोनियाही होतो.

नेत्रतज्ज्ञ इथेच अडखळतात. डोळा दाखवायला आलेल्या माणसाला लैंगिक संबंधांविषयी विचारायचे कसे, या संकोचापायी चिठ्ठीवर पुन्हा एक नवीन थेंब लिहिला जातो. विचारताना एक गोष्ट रुग्णाला आवर्जून सांगायला हवी: क्लॅमिडिया स्त्री-पुरुष दोघांतही कित्येक महिने लक्षणांशिवाय राहू शकतो, त्यामुळे डोळा आज लाल झाला यावरून संसर्ग कधी झाला आणि कोणाकडून आला, हे ठरवता येत नाही. नवरा-बायकोत कोणी कोणावर बोट दाखवण्याआधी हे वाक्य उच्चारले गेले पाहिजे, आणि ते डॉक्टरनेच उच्चारायला हवे.

आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी की, साथीच्या दिवसांत ‘डोळे आल्यास काय काळजी घ्यावी’ ही जी चौकट दरवर्षी छापली जाते, तीत एक ओळ वाढवावी: तीन आठवड्यांनंतरही डोळा लाल राहिला, तर दुकानातून थेंब न घेता नेत्रतज्ज्ञाकडून क्लॅमिडियाची शक्यता तपासून घ्यावी. सरकारी रुग्णालयांतील नेत्रविभागांनीही असे रुग्ण आणि त्यांचे जोडीदार लैंगिक आजारांसाठी असलेल्या सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’कडे पाठवावेत. तिथे इतर लैंगिक आजारांच्या तपासणीची आणि विनामूल्य औषधांची सोय आहे, पण डोळ्यांच्या ओपीडीतून तिथवरची चिठ्ठी सहसा लिहिली जात नाही.

— एक निवृत्त नेत्रतज्ज्ञ, सातारा