दूधवाल्या मामांना, पैलवानाच्या घरून

मामा, नमस्कार.

हे पत्र तुमचा मुलगा तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल. तोंडावर सांगायला गेले तर तुम्ही "असू दे ताई, आज लिटर का दीड?" असं म्हणून विषय दुधावर नेणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून लिहितेय, आणि चार जणांनी वाचावं म्हणून उघड लिहितेय.

काल संध्याकाळी गगनबावड्याचा रस्ता तुंबला होता, म्हणून उसाचा एक ट्रॅक्टर आमच्या गल्लीत घुसला. मागं दोन ट्रॉल्या, टपावर स्पीकर, आणि गाणं असलं की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मागच्या हंगामात याच आवाजावर आमचा कुत्रा, पैलवान, सुटला होता आणि मागच्या ट्रॉलीच्या चाकाखालून वीतभर अंतरानं वाचला होता. काल तो अंगणातून निघाला खरा. कान उभे, अंग धनुष्यासारखं ताणलेलं. आणि मेंदीच्या शेवटच्या झुडपापाशी, जिथं तुमच्या जुन्या धोतराची चिंधी बांधलेली असायची, तिथं थांबला. चिंधी सोडून महिना झालाय मामा! पुढचा एक पाय तसाच हवेत. ट्रॅक्टर कोपऱ्यावर वळेपर्यंत तो पाय त्यानं खाली टेकवला नाही.

मी ओट्यावर मटकन बसले आणि रडले. सासरे म्हणाले, "अगं, थांबलंय की कुत्रं. आता कशाला रडतेस?"

वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. आमचं घर कोल्हापुरात, फुलेवाडीत. अंगणाच्या दोन बाजूंना भिंत, समोर गेट, आणि चौथी बाजू गेली सहा वर्षं मोजणीच्या वादात. तिथं भिंत घालता येत नाही, गुडघाभर मेंदी तेवढी आहे. आणि कुत्रा मुधोळ जातीचा. बरगड्या मोजून घ्याव्यात असा, म्हणून नाव पैलवान. हे कुत्रं वासापेक्षा नजरेवर शिकार करणारं. लांबवर काही पळताना दिसलं की त्याच्या कानात आपली हाक शिरतच नाही. सासरे पोस्टातून रिटायर झालेले. २००५ साली टपाल खात्यानं मुधोळ कुत्र्याचं तिकीट काढलं, ते त्यांनी जपून ठेवलंय. पैलवान पळाला की ते म्हणायचे, "तिकिटावरचं कुत्रं हाय, गावोगाव जाणारच."

आम्ही हसायचो, पण रात्री झोप लागायची नाही.

मामा, तुमच्याआधी काय काय झालं ते तुम्हाला मी कधी नीट सांगितलं नाही. शहरातल्या एका ट्रेनरनं पाच हजार आगाऊ घेतले आणि गळ्यात करंट देणारा पट्टा बांधला. कुत्रं मेंदीजवळ गेलं की यानं खुर्चीत बसून रिमोटचं बटण दाबायचं. चौथ्या दिवशी बटण दाबलं तेव्हा समोरून शेजारची मुलगी शाळेच्या ड्रेसमध्ये चालली होती. पैलवानाला काय कळणार? त्यानं करंटचा हिशोब त्या पोरीच्या नावावर मांडला. ज्या पोरीच्या हातून तो बिस्किटं खायचा, तिच्यावर दुसऱ्या दिवशी गुरगुरला. ट्रेनर म्हणाला, "जातच खराब आहे, करंट वाढवू." मी पट्टा त्याच्या हातात दिला. पैसे गेले ते गेलेच.

मग फुकटचे सल्ले. एकजण म्हणाला, दिवसभर साखळीला बांधा. आखूड साखळीला जनावर तासन्‌तास बांधून ठेवणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे त्याला सांगितलं तर म्हणे, कुत्र्याला कसला कायदा. दुसरे एक सुशिक्षित गृहस्थ, पहाटे योगा करणारे, त्यांनी शांतपणे सुचवलं, "कळंब्याच्या पुढं नेऊन सोडा. तिकडं जगतात."

तुम्ही एवढंच विचारलंत, "ताई, त्येला शीव दावली का कुणी?"

शीव! माझ्या आजीनंतर हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तुम्ही म्हणालात, "रेडकू असू दे न्हाईतर कुत्रं, आपली हद्द कुठं सरती ते त्येला चालवून दावाय लागतं. न दावता मारलं तर ते निसतं तुमास्नी भितंय." दुसऱ्या दिवशी तुम्ही गोठ्यातला जुना कासरा आणि धोतराच्या चिंध्या घेऊन आलात. चिंधीच्या दोन पावलं अलीकडं पोचलं की वळायचं, आपल्याबरोबर वळला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. दहा मिनिटं सकाळी, दहा मिनिटं संध्याकाळी, वर एक मिनिट नाही. "कटाळा यायच्या आत सोडायचं," हे तुमचं वाक्य मी आता मुलाच्या अभ्यासालाही लावते. पुढं कासरा हातातून सुटला आणि जमिनीवर लोळायला लागला, मग निघालाच, मग एकेक करून चिंध्या गेल्या, ते सगळं लिहीत बसत नाही.

मला लिहायचंय ते वेगळंच.

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. पहाटे पाणी आलंय का बघायला मी गच्चीवर गेले होते. अजून अंधार होता. कोपऱ्यावर तुमच्या गाडीचा दिवा दिसला आणि विझला. मला वाटलं, पेट्रोल संपलं. मग बघते तर तुम्ही खाली उतरून गाडी ढकलत येताय. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन, तुमचं वय साठीच्या पुढं, आणि आमच्या गल्लीला चढ. मध्ये एकदा थांबलात, कमरेवर हात ठेवलात, परत ढकलायला लागलात. मेंदीपाशी आल्यावर पैलवानाला हळू आवाजात म्हणालात, "बस लेका, मी हाय."

दूध घेताना विचारलं, "मामा, गाडी बिघडलीय का?"

तुम्ही मापावरची नजर वर केली नाही. "न्हाई वो. त्यो अजून कच्चा हाय. फटफटीचा आवाज आयकून धावला, तर चूक माझी आन् बोलणी त्येला."

मामा, असं तुम्ही तीन आठवडे केलंत. मी त्या दिवशी गच्चीवर गेले नसते तर मला कधी कळलंही नसतं. ज्याला पैसे दिले त्याला खुर्चीतून उठवेना, आणि तुम्ही एका कुत्र्याला हरू द्यायचं नाही म्हणून रोज पहाटे तो चढ चढत होतात. नंतर तो पक्का झाल्यावर तुम्हीच कोपऱ्यावरून गाडी चालू ठेवून यायला लागलात, आधी सावकाश, मग हॉर्न वाजवत. पहिल्यांदा हॉर्न वाजला आणि पैलवान मेंदीच्या आतच शेपूट हलवत उभा राहिला, तेव्हा तुम्ही किटली खाली ठेवून त्याला चक्क रामराम घातलात.

सासऱ्यांचं म्हणणं, शाहू महाराजांच्या वेळी या गावात चित्ते शिकारीला तयार करायचे, त्यातल्या कुठल्यातरी चित्तेवानाचं रक्त तुमच्यात असणार. तुम्ही म्हणालात, "आमी म्हशीवालं." मला तरी आता माणसं दोनच प्रकारची दिसतात, कोपऱ्यावर गाडी बंद करणारी आणि हॉर्न वाजवून वर शिव्या देणारी. बँकेत, दवाखान्यात, बसमध्ये उगाच निरखत बसते. पहिल्या प्रकारची माणसं सापडतात, मामा. कमी, पण सापडतात.

तुम्ही बजावलंय तसं त्याला एकट्याला अंगणात सोडून आम्ही कुठं जात नाही. "जनावर हाय, एखांद्या दिशी इसरंल" हे लक्षात आहे. मोजणीची तारीख पुढच्या महिन्यात लागलीय, भिंत झाली तर झाली.

आणि तुमच्या छोट्या किटलीचं झाकण परवापासून आमच्याकडंच राहिलंय. पैलवानानं एका कडेला जरा चावलंय, पण बसतं नीट. ओट्याच्या फळीवर ठेवलंय, उद्या आठवणीनं न्या.