रविवारच्या चर्चेविषयी स्मरणपत्र

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता नेहमीच्या खोलीत वॉशिंग्टनमधील ट्रिनिटी विद्यापीठाच्या इतिहासावर चर्चा होईल. हाकेच्या अंतरावरील कॅथलिक विद्यापीठाचे दरवाजे मुलींना बंद असल्याने, बेल्जियममधील नामूरच्या नोत्र दाम या कॅथलिक जोगिणींच्या संघाच्या भगिनींनी, सिस्टर ज्युलिया मॅकग्रॉर्टी यांच्या पुढाकाराने, १८९७ मध्ये हे महाविद्यालय स्थापन केले. वर्ग १९०० मध्ये भरू लागले, विद्यापीठ हे नाव मात्र २००४ मध्ये लाभले. स्थापनेविरुद्धच्या तक्रारी थेट रोमपर्यंत गेल्या होत्या आणि खरा रस तिथेच आहे, म्हणून तो भाग वाचूनच यावे. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या माजी सभापती नॅन्सी पलोसी इथल्याच विद्यार्थिनी असल्या तरी मागच्या खेपेसारखी चर्चा राजकारणाकडे घसरू नये, ही विनंती.