ज्यावर नाव घालता येत नाही, तेही द्या

सप्रेम नमस्कार,

आपल्या शाळेच्या व्हरांड्यातून एक चक्कर मारली की गावाची दानत वाचता येते. पंख्याच्या पात्यांवर, घड्याळाखाली, पाण्याच्या टाकीवर, सगळीकडे ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. आठवीच्या वर्गात चार पंखे आहेत आणि चारही वेगवेगळ्या आजोबांचे. शाळा त्याबद्दल ऋणीच आहे. यंदा मात्र आम्ही माजी विद्यार्थी जे मागतोय त्यावर नाव रंगवायला जागाच नाही: वेल्डिंगच्या कांड्या, कटिंग व्हील, सोल्डरची तार, स्क्रू आणि एका कारागिराची आठवड्यातल्या एका दिवसाची मजुरी.

नववी-दहावीची मुलं आपल्याकडे मूलभूत तंत्रज्ञान हा विषय घेतात. हा विषय आला आपल्याच जिल्ह्यातून. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम ही हाताने काम करत शिकायची संस्था सुरू केली, तिथल्या प्रयोगांतून तो शाळांपर्यंत पोचला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार भाग. आठवड्यातला एक दिवस हातकामाचा. शिकवायला जवळपासचाच जाणकार माणूस. त्यातली खरी गोम अशी की सरावासाठी पट्ट्या जोडून फेकून द्यायच्या नाहीत. जे करायचं ते कुणाच्या तरी उपयोगाचं हवं.

आता शाळेतल्या मुलांच्या मंत्रिमंडळाबद्दल. दरवर्षी निवडणूक होते, हल्ली मोबाइलवरच्या मतदान यंत्रावर. शपथविधी होतो, आणि मग सहलीत रांग धरणं व परिपाठात सूचना वाचणं यापलीकडे मंत्र्यांना काम नसतं. आमच्या वेळीही नव्हतं. गेल्या वर्षी मुख्यमंत्री झालेल्या नववीतल्या मुलीने पहिल्याच बैठकीत विचारलं, “आम्ही ठराव केला, तर तो कोण पाळणार?” सर गप्प. तिथून दुरुस्ती खातं निघालं. काय दुरुस्त करायचं आणि आधी काय, हे मंत्रिमंडळाने ठरवायचं. तंत्रज्ञानाच्या तुकडीने ते करायचं.

पोरांनी सगळे बाक मोजले, ३१ मोडके निघाले. त्यांची शंभर पानी वही आम्ही चाळली. एक नोंद अशी: ‘सातवी ब, खिडकीकडची तिसरी ओळ. पाय हलतो. ४ कांड्या. पहिला टाका सुटला, पुन्हा मारला.’ टाका सुटल्याचंही लिहून ठेवलंय, म्हणून या वहीवर आमचा भरवसा बसला. यादीत पहिला नंबर मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कड्यांचा लागला. मुख्याध्यापकांची डुगडुगती खुर्ची एकोणिसावी. सरांनी वशिला लावून पाहिला म्हणतात, पण ठराव बदलला नाही.

१७ बाक झाले आणि दिवाळीनंतर काम थांबलं. सामान संपलं. निदेशक म्हणून येणारा आपला फॅब्रिकेशनवाला पुढचे दोन महिने फुकट येत राहिला; त्याचंही पोट हातावर आहे, यापुढे त्याला तसं सांगणं बरं दिसत नाही.

वर्षाचा हिशोब सोपा आहे. निदेशकाचे ३६ दिवस, दिवसाला ७०० रुपये, म्हणजे २५,२००. कांड्या, पाइप, अँगल, वायर वगैरे संपणारं सामान २२,०००. हातमोजे, काळ्या काचेचे शील्ड, शेडचं अर्थिंग आणि एक बरा मल्टिमीटर ११,८००. यातल्या अर्थिंगवर आम्ही एक रुपयाही वाचवणार नाही. ते झाल्याशिवाय वेल्डिंगचं मशीन पुन्हा सुरू करायचं नाही असं आमच्या माजी विद्यार्थी मंडळाने ठरवलं आहे. एकूण ५९,००० पैकी १४,५०० आम्ही आपसात जमवले. उरले ४४,५००.

संगणक का मागत नाही, असं दोघा-तिघांनी विचारलं. संगणक सहा आहेत, चालतात दोन. उरलेल्या चारांना काय झालंय ते मल्टिमीटर आला की पोरंच बघतील. मग नव्यांचं बोलू.

रक्कम कितीही चालेल. एका दिवसाच्या मजुरीचे ७०० दिलेत तर हिशोब ठेवायला बरं पडतं, इतकंच. पैसे शाळेच्या कार्यालयात द्या आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. मंडळाला ८०-जी नाही, त्यामुळे करात सवलत मिळणार नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. खर्च दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी परिपाठात अर्थमंत्री वाचून दाखवतील. वय वर्षे तेरा, पण एका रुपयाला सोडत नाहीत.

पुण्या-मुंबईला असलेल्यांनी गावाकडच्या भावाच्या हाती पाठवलं तरी पोचेल. पैसे नसतील तर माळ्यावरचा जुना लोखंडी पलंग, तुटकं गेट, उरलेला पाइप भंगारवाल्याला घालण्याआधी आम्हाला विचारा. शनिवारी सकाळी शाळेमागच्या शेडमध्ये कुणी ना कुणी असतंच. येताना घरची मोडकी खुर्ची आणलीत तर तीही घेऊ, फक्त नंबराने. सरांची अजून रांगेतच आहे.

आपले,
माजी विद्यार्थी मंडळ