कंट्रोलर काकांना

काका, सा. न. वि. वि.

मेअखेर तुम्ही निवृत्त झालात, त्या दिवशी एसटी स्टँडवर हारतुरे, पेढे, फोटो अशी झुंबड होती. गर्दीत माझा मुलगा येणार नाही आणि याला सोडून मी येणार नाही, म्हणून भेटायचं राहिलं. ते आता लिहून काढते, चार लोकांनी वाचावं म्हणून उघडच.

नऊ वर्षांचा होता. शाळेतून आल्यावर अर्धा तास एसटी बघितल्याशिवाय जेवायचा नाही. एकदा थेट तुमच्या खिडकीशी गेला आणि नमस्कार-बिमस्कार काही न करता म्हणाला, "तीन नंबरवरची एमएच २० बीएल आहे. चिकलठाण्याला बांधली. दापोडीची १४ असते. नागपूरची ४०." गाडीच्या नंबरवरून ती एसटीच्या कुठल्या कारखान्यात बांधली ते तो ओळखायचा. मला वाटलं, आता हाकलणार. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून आधी गाडीकडे पाहिलंत, मग त्याच्याकडे. "बरोबर. आणि नंबर न बघता ओळखशील का?" झालं, दुसऱ्या दिवसापासून तुमच्या खिडकीखालचं बाकडं त्याचं.

डॉक्टरांनी तेव्हा नुकतंच ‘हाय फंक्शनिंग ऑटिझम’, म्हणजे स्वमग्नता, लिहून दिलं होतं. या ‘हाय’नेच आमचा घात केला. पोरगं फाडफाड बोलतं, पाढे तोंडपाठ, मग त्याला झालंय काय, असं नातेवाईक म्हणायचे. पहिल्या शाळेने तर ‘वळण लावा, मग आणा’ असं तोंडावर सांगितलं. स्वमग्नता २०१६च्या दिव्यांग कायद्यात आहे, परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मागता येतात, हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तरी माईकचं बटण दाबण्याआधी तुम्ही हात वर करायला लागलात, म्हणजे त्याला कान झाकायला वेळ मिळे. मी सांगितलं नव्हतं हो. तुम्ही नुसतं त्याच्याकडे लक्ष ठेवलं होतंत.

पण हे पत्र त्या आषाढीसाठी. तो पाचवीत होता. गाड्या पंढरपूरला गेलेल्या, पाटणची साडेचारची लागलीच नाही. हा खांबावर डोकं आपटायला लागला. बायका जमल्या. पाणी मारा, कांदा हुंगवा, एक थोबाडीत द्या. मी त्याला कवटाळून "येईल हं, आत्ता येईल" म्हणत होते, आणि माझ्या प्रत्येक ‘आत्ता’ला तो जास्तच बिथरत होता. तुम्ही बाहेर आलात, लोकांना पांगवलंत, त्याच्यापासून हातभर लांब खाली फरशीवर बसलात. म्हणालात, "गाडी कुठाय मला ठाऊक नाही. पाच वाजता डेपोला फोन लावणार. तोवर ठाऊक नाही."

लगेच शांत झाला असं नाही. पण त्याने घड्याळाकडे पाहिलं. पाचची वाट बघणं त्याला जमत होतं. ‘आत्ता’ची जमत नव्हतं. पाचला तुम्ही खरोखर फोन लावलात, आणि "सहाला परत" म्हणालात. मग एका जुन्या रजिस्टरात रकाने आखून त्याच्यापुढे सरकवलंत: आली, उशिरा, रद्द. ‘रद्द’लाही एक रकाना असतो, हे त्याला तिथे कळलं. अशी पाच रजिस्टरं आज घरात आहेत, टाकू देत नाही.

घरी आम्ही ‘बघू’ हा शब्द बंद केला. ‘बघू’, ‘जाऊ कधीतरी’, ‘येतील बाबा इतक्यात’... आपलं निम्मं बोलणं यावरच चालतं, काका. आता "रविवारी दहाला सांगते" म्हणते, आणि रविवारी दहाला सांगावं लागतं. सगळं सुटलेलं नाही. लग्नकार्यं अजून जमत नाहीत, केस कापायचे म्हणजे अख्खा दिवस, आणि आता दाढी सुरू झालीय.

यंदा डिप्लोमाला लागला. एकटा एसटीने जातो. परवा धो धो पाऊस, माझा जीव टांगणीला, तेवढ्यात मेसेज: "गाडी नाही. कारण माहीत नाही. ७.१५ ला परत विचारणार." ७.१६ ला दुसरा: "आली. उशिरा. ५२ मिनिटे."

तुमच्या जागी आलेले साहेब तरुण आहेत. ते माईकआधी हात वर करत नसत. सुरुवातीला आठवडाभर हा स्टँडबाहेर रस्त्यावर उभा राहून गाडी पकडत होता. मग एक दिवस त्यांच्या खिडकीशी गेला आणि म्हणाला, "आधीचे काका माईकच्या आधी हात वर करायचे. तुम्ही पण करा." मला हे त्या साहेबांनीच सांगितलं, जरा हसत.

करतात आता.

आपली,
एमएच २० वाल्याची आई