डॉक्टरांनी राजकारणात का येऊ नये?

ग्रामीण डॉक्टरांनी राजकारणापासून दूर राहावे, हे रविवारच्या पुरवणीतील लेखाचे मत मुळीच पटले नाही. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातील किलमिहिल या छोट्या गावात डॉ. मायकल हार्टी वर्षानुवर्षे रुग्ण तपासत होते. खेड्यांतले डॉक्टर निवृत्त होत होते आणि त्यांच्या जागी यायला नवे कोणी तयार नव्हते. तेव्हा ‘डॉक्टर नाही, तर गाव नाही’ या मोहिमेतून ते २०१६ मध्ये अपक्ष उभे राहिले आणि निवडूनही आले. दवाखान्यात रोज दिसणारी व्यवस्थेची दुखणी सरकारदरबारी मांडायला याहून योग्य माणूस कोणता? पुढे संसदेच्या आरोग्य समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. २०२० ची निवडणूक मात्र त्यांनी लढवली नाही.

– एक वाचक, सातारा